स्वानपूल : एका तळ्यापुरता दुर्मीळ जीव

ट्रूरोला गाडी बदलून फॅलमथ टाउन स्टेशनवर उतरलो. कॉर्नवॉलला लोक येतात ते किनाऱ्यांसाठी. मला बघायचं होतं किनाऱ्यामागचं स्वानपूल नावाचं तळं. 'ट्रेंब्लिंग सी-मॅट' म्हणजेच व्हिक्टोरेला पाव्हिडा या ब्रायोझोआचं (वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या जलचर प्राण्यांचा हा गट) ब्रिटनमधलं माहीत असलेलं हे एकमेव ठिकाण.

वाटेत गिलिंगवेझच्या वाळूवर भरतीनं टाकलेले केल्प या मोठ्या सागरी शैवालाचे पट्टे पडले होते. काहींवर क्रोशाच्या विणकामासारखा पांढरा थर. हाही ब्रायोझोआच, मेंब्रानिपोरा मेंब्रानेशिया, आणि इथे तो पैशाला पासरी. भिंग धरलं की एकेक चौकट दिसते. प्रत्येक चौकटीत एक जीवक, म्हणजे वसाहतीतला एकेक प्राणी, आणि सगळा थर एकाच अळीच्या मुकुलनातून, म्हणजे कळ्या फुटत जाऊन, पसरलेला. केल्प लाटेत वाकतं, म्हणून या कवचात चुन्याविना राहिलेले लवचीक सांधे असतात. थर कुरतडणारी समुद्री गोगलगाय जवळ आली तर तिच्या रसायनाच्या चाहुलीनं कडेचे नवे जीवक काटे काढतात. हेच प्रकरण 1987 मध्ये अमेरिकेच्या मेनच्या आखातात सापडलं, आणि तिथे त्यानं माखलेली केल्पची पानं वादळात तुटू लागली.

पुढे किनाऱ्यालगतच्या पायवाटेनं स्वानपूल फार लांब नाही. तळं आणि समुद्र यांच्यामध्ये गोट्यांचा बांध आणि वर रस्ता. एका नाल्यातून तळ्याचं पाणी बाहेर जातं आणि मोठ्या उधाणाला समुद्र त्याच वाटेनं आत शिरतो. त्यामुळे पाणी मचूळ, आणि खारटपणा सतत कमीजास्त. बहुतेक सागरी जीवांना ते सोसत नाही, गोड्या पाण्यातल्यांनाही नाही. या बहाद्दराला मात्र चालतं.

दिसतं काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. बोरूच्या बुडालेल्या देठांवर तपकिरी लव, जी शेवाळही असू शकते. या जीवकांना चुन्याचं कवच नाही. पारदर्शक नळ्या, आणि टोकाला आठ संस्पर्शकांचा मुकुट, जो सूक्ष्म शैवाल ओढून घेतो. देठ उपटून भिंगाखाली धरायचा मोह झाला तरी हात आवरा: 1981 च्या वन्यजीव कायद्यानं या जीवाला संरक्षण दिलंय. हत्ती-वाघांच्या यादीत शोभावा असा मान, आणि मानकरी मिलिमीटरभर! मला ते आवडलं.

पण दुर्मीळ म्हणजे कुठे? विल्यम सॅव्हिल-केंट यांनी 1870 मध्ये या जातीचं वर्णन केलं ते लंडनच्या व्हिक्टोरिया गोदीतल्या नमुन्यांवरून. बाल्टिक, भूमध्य समुद्र, चेसापीक उपसागर अशी तिची नोंद पुष्कळ ठिकाणी आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात तर तिला बाहेरून आलेली मानतात. जहाजांच्या बुडाला चिकटून ती किती फिरली असेल, हा प्रश्न गोदीतच सुरू होतो. प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनँडेल यांनी 1908 मध्ये बंगालमधल्या पोर्ट कॅनिंगच्या मचूळ तळ्यांतून व्हिक्टोरेलाचीच एक जात नोंदवली होती. म्हणजे मी ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो, त्याचा भाऊबंद आपल्याकडच्या खाडीतही असायचा!

म्हणून स्वानपूलचं महत्त्व कमी होत नाही. ब्रिटनपुरता हा जीव एका तळ्यात अडकलाय. नाला बुजला किंवा सांडपाणी आत आलं तर दुसरीकडे साठा नाही.

जायचं तर उन्हाळ्याच्या अखेरीस जा. थंडीत वसाहत मरते आणि मागे उरतात फक्त टणक सुप्त कळ्या. पाणी पुन्हा कोमट झालं की त्यांतून नवे जीवक फुटतात.