आमची वाटचाल : दहा बाय दहाची खोली आणि कुलपाची पेटी

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतला आमचा गाळा सासऱ्यांनी सुतारकामासाठी घेतलेला. पुढे ऐरोली-घणसोलीकडे आयटी कंपन्या आल्या, भाड्याने राहणारी मुलं वाढली. बदली झाली की ती पलंग, टेबल, कपाट येईल त्या भावात काढून टाकतात. ते विकत घ्यायचं, सांधे आवळायचे, पॉलिश मारून विकायचं, हा धंदा यजमानांनी आणि मी मिळून उभा केला. कारागिरांचे पगार आजही त्यातूनच निघतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक आम्हाला संस्थाच समजतात.

बेघर निवाऱ्यात काम करणाऱ्या एक ताई खाट शोधत आल्या आणि निवाऱ्यातून स्वतःच्या खोलीत जाणाऱ्यांना सामान पुरवायचं दुसरं काम मागे लागलं. त्यांच्याकडचा एक हमाल घणसोली गावठाणात खोली घेत होता. डिपॉझिट जमवलं होतं, खोलीत मात्र खुंटीसुद्धा नव्हती. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे 100 जणांचा निवारा असावा, माणशी 50 चौरस फूट जागा मिळावी, असा केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. 2011च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये नऊ लाखांवर बेघर मोजले गेले. निवाऱ्यातून स्वतःच्या खोलीत जाणाऱ्याला पहिल्या दिवशी काय लागतं, ते मात्र आम्हाला त्या हमालाने सांगितलं.

"वहिनी, खाट राहू द्या. कुलूप लागेल अशी पेटी आहे का?"

फुटपाथवर झोपणाऱ्याची आधी पिशवी जाते, आणि पिशवीत आधार कार्ड असतं. कागद गेला की रेशन, बँक, खोलीचा करार सगळंच अडतं. म्हणून आम्ही पेटी किंवा कडी-कोयंड्याचं छोटं कपाट सगळ्यात आधी पोचवतो. त्यानंतर भांड्यांची मांडणी, मग खाट. खाट आली तरी काही जण बरेच दिवस जमिनीवरच झोपतात. आम्ही त्यावर काही बोलत नाही. खाटेखाली सामान राहतं, पावसाळ्यात ते ओलं होत नाही, एवढं पुरे.

लोक द्यायला निघतात ते सोफे. दिघ्याच्या किंवा तुर्भे स्टोअर्सच्या गल्लीत सोफा वळतच नाही, आणि वरच्या खोलीला जिना म्हणजे उभी लोखंडी शिडी. आमची खाट सहा बाय तीनची, लोखंडी अँगलची, नट-बोल्टने सुटी होणारी. दोन माणसं खांद्यावरून नेतात आणि एका पान्याने जोडतात. पार्टिकल बोर्डचं कपाट बाहेरून झकास दिसतं, पण ओल आलेल्या भिंतीला लावलं की खालून फुगतं आणि स्क्रू धरत नाही. ते आम्ही या कामाला वापरत नाही; जुनं सागवान किंवा चांगला प्लाय मिळाला तर त्याच्या फळ्या काढून मांडणीला लावतो. जुनी गादी तर कुणी फुकट दिली तरी घेत नाही. ढेकूण शिवणीत लपतो, उन्हात टाकून जात नाही, आणि चाळीत एका खोलीत शिरला की भिंतीपलीकडे पोचतोच. गादी नवी, कापसाची, पिंजाऱ्याकडून भरून घेतो.

पैशांचं म्हणाल तर अर्धा खर्च निवारा चालवणारी संस्था देणग्यांतून उचलते, उरलेले पैसे खोलीवाला जमतील तसे देतो. माल आमच्या खरेदीच्या भावात, मजुरी आमची. फुकट द्या, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण स्वतःचे पैसे घालणारा माणूस "ही कडी सैल आहे, बदलून द्या" असं हक्काने सांगतो. एका मावशींनी मांडणीचा रंग दोनदा बदलून घेतला, वर घासाघीसही केली. असं गिऱ्हाईक मला आवडतं.

मध्यंतरी एका कंपनीने बऱ्याच कपाटांचे पैसे देऊ केले. अट एकच, दारावर त्यांचं स्टिकर लावायचं. घरी पाहुणा आला की त्याला आधी ते दिसणार. यजमान हो म्हणायच्या बेतात होते, मी अडून बसले. ती ऑर्डर गेली.

अलीकडे मुलांसाठी घडीचं, भिंतीला अडकवायचं अभ्यासाचं टेबल बनवायला घेतलंय. बिजागरी अजून मनासारखी मिळालेली नाही. दिवाळीआधी सोसायट्यांमधून सामान निघतं, तेव्हा लोखंडी खाट, स्टीलची मांडणी, छोटं कपाट असेल तर फेकू नका. टेम्पो आमचा, उतरवायला माणसंही आमची. सामान लिफ्टमधून न्यायची परवानगी तेवढी सेक्रेटरींकडून तुम्ही काढून ठेवा.