तुम्ही विचारलंत म्हणून: डोलकाठीला भेग गेली, बदलायची का?

होडी वर काढली की हा प्रश्न ठरलेला: डोलकाठीला उभी भेग पडलीय, रुपयाचं नाणं आत जाईल एवढी. नवी काठी घ्यावी लागणार का?

बहुतेक वेळा नाही. अख्ख्या सोटाची काठी तडकणारच. वाळताना लाकूड घेराच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. ही तफावत कुठेतरी फुटून निघते. सुरूच्या सोटात तर फारच. पातळ पोलादी पट्टी भेगेत सरकवून खोली मोजा. 15 सेंटिमीटर जाडीच्या काठीत साडेसातच्या आसपास पट्टी अडली, म्हणजे भेग गाभ्यापाशी थांबली, काळजी नको. आरपार गेली किंवा कप्पीच्या भोकात उतरली तर मात्र काठी बाद.

तिरकी भेगही तपासा. मीटरभर लांबीत ती 10 सेंटिमीटरहून जास्त बाजूला सरकली तर झाड मुळातच पिळाचं होतं. अशी काठी घ्यायलाच नको होती.

खरी वाईट खूण सहसा रंगाखाली लपते: तंतूंना आडवी गेलेली, केसाएवढी सुरकुती. काठी ज्या फळीतून खाली उतरते, तिथे वाऱ्याच्या उलट अंगाला रंग खरवडा आणि उभं नख फिरवा. नख अडखळलं तर तिथले तंतू दाबाने चेपलेत. उभी भेग हातभर असली तरी चालते. ही बोटभर दिसली तरी काठी उतरवा.

भेगेत पुट्टी नको, इपॉक्सी तर नकोच. पावसात लाकूड फुगून भेग मिटू पाहते, तेव्हा आतला कडक माल पाचरीसारखा काठी फाडतो. एक भाग मेण, दोन भाग जवसाचं तेल, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा (थेट जाळावर नको, पेट घेतं) आणि कोमट असताना भरा. फुगलं की ते मुकाट बाहेर येतं, पुसून टाकायचं. वर सणाच्या दोरीचे वेढे द्यायचे तर दोरी कोरडीच घ्या. भिजली की ती आखडून घट्ट बसते. ओली गुंडाळलेली वाळल्यावर ढिली पडते.

एवढं करून लोक बुडखा बघायचा विसरतात. खाचेत पाणी साचून काठी खालून कुजते. दाभण टोचा, सहज सेंटिमीटरभर आत गेलं तर कुजका भाग कापून काढा, आणि खाचेला पाणी निघायला बोटभर भोक पाडा.