लाहती आणि लाप्पेनरांता जवळजवळ नाहीत: फिनलंडच्या लॅब युनिव्हर्सिटीची जानेवारीतली फेरी

फिनलंडच्या लॅब युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेसला मुलाचा किंवा मुलीचा प्रवेश झाला असेल, तर आधी ऑफर लेटर काढा आणि कॅम्पसपुढे कुठलं शहर लिहिलंय ते बघा. खोली त्याच शहरात घ्या. एजंट यापेक्षा वेगळं काही सांगत असेल तर ऐकू नका.

माझ्या भाचीला नर्सिंगसाठी लाहतीत प्रवेश मिळाला. आमच्या एजंटाने खोली लावून दिली ती मात्र लाप्पेनरांतात. "सर, युनिव्हर्सिटी एकच आहे, कॅम्पस जवळजवळच आहेत, मुलं रोज जा-ये करतात. तिकडे भाडंही कमी." युनिव्हर्सिटी एकच, हे खरं. लाहतीची आणि लाप्पेनरांताकडची सायमा अशा दोन वेगळ्या संस्था होत्या. 1 जानेवारी 2020 ला त्या एकत्र आल्या आणि त्यातून लॅब झाली. डिझाइन, इंजिनिअरिंग, बिझनेस, आरोग्य, पर्यटन असं बरंच काही एका नावाखाली आलं. पण नाव एक झाल्याने गावं जवळ येत नाहीत. मधलं अंतर जवळपास पुणे-मुंबईएवढं आहे, आणि या रस्त्यावर जानेवारीत बर्फ असतो.

आम्ही रात्रीच्या गाडीने लाप्पेनरांताला उतरलो. उणे सतरा. तिथलं रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक एकाच जागी आहे, ही सोय चांगली आहे, पण रात्री बस जवळजवळ नसतातच. कॅम्पस स्किन्नारिला भागात, गावापासून सातेक किलोमीटरवर. शेजारीच एलयूटी हे दुसरं विद्यापीठ आहे, लॅब त्यांच्याच समूहात येते. बाहेर उभी असलेली टॅक्सी घेतली. शेहेचाळीस युरो! दोन दिवसांनी त्याच रस्त्याला अॅपवरून आधी भाडं ठरवून टॅक्सी मागवली तेव्हा चोवीस लागले. फिनलंडमध्ये 2018 च्या जुलैपासून टॅक्सीच्या भाड्यावर सरकारी कमाल मर्यादा नाही, प्रत्येकाचा दर वेगळा. रांगेतल्या पहिल्याच टॅक्सीत बसायची सक्ती नसते. दरपत्रक वाचा, "एकूण किती?" हे दार उघडण्याआधी विचारा, जास्त वाटलं तर मागच्याकडे जा. या एका गोष्टीत भीड ठेवू नका.

वर त्या पहिल्या टॅक्सीवाल्याने आम्हाला कॅम्पसच्या मोठ्या दारापाशी सोडलं आणि तो निघून गेला. हॉस्टेलची इमारत तिथून पाऊणएक किलोमीटर लांब. या संपूर्ण प्रवासातला सगळ्यात वाईट टप्पा हाच, आणि त्याबद्दल कुठल्याही माहितीपत्रकात अक्षर नाही. वरचा भुसभुशीत बर्फ मशीनने बाजूला केलेला असतो आणि खाली उरतो तो गाडीच्या चाकांनी घासून काचेसारखा झालेला थर. त्यावर बारीक खडी टाकतात. ती खडी बॅगेच्या चाकात जाऊन बसते, चाक फिरायचं थांबतं आणि तेवीस किलोची बॅग ओढायची नाही, उचलायची पाळी येते. हातमोजे काढून नखाने खडी उकरायला गेलो तर मिनिटभरात बोटांना काही कळेना. भाची उतारावर दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडल्यावर म्हणाली, "मामा, बॅगा इथेच ठेवू, सकाळी नेऊ." तिला उठवलं आणि चालत राहिलो, कारण उणे सतरात थांबणं हा पर्याय नसतो.

तेव्हा जाडजूड जॅकेटवर पुण्यात पंधरा हजार घालवण्याआधी बुटांचा विचार करा. वॉटरप्रूफ ट्रेकिंगचे बूट आमच्याकडे होते, बर्फाळ उतारावर त्यांचा काडीचा उपयोग नाही. बुटाच्या तळाला चढवायचे खिळेवाले रबरी पट्टे तिथल्या सुपरमार्केटात मिळतात. उतरल्यावर पहिली खरेदी तीच करा. तिथल्या आज्या ते घालून तुमच्या पुढे निघून जातात. बॅगा दोन मोठ्या नेण्यापेक्षा एक मध्यम आणि पाठीवर एक सॅक.

आता ती "रोजची जा-ये". एका सकाळी आम्ही मुद्दाम करून पाहिली. स्किन्नारिलाहून बस, स्टेशनवर थांबणं, कोउवोलामार्गे लाहतीपर्यंत सव्वा तासाच्या वर गाडी, तिथून पुन्हा बस. दारातून दारात अडीच तास, तेवढेच परत. नऊ वाजून गेल्यावर उजाडतं आणि सव्वातीनच्या सुमाराला मावळतं, म्हणजे दोन्ही वेळा अंधारातच. तिकीट आयत्या वेळी काढलं तर एका बाजूचेच वीसएक युरो जातात. त्यात नर्सिंगच्या मुलांना हॉस्पिटलात प्रॅक्टिकलसाठी सकाळच्या पाळीला सातच्या सुमारास हजर राहावं लागतं. हे कुणीही करत नाही, करूही शकणार नाही. त्याच आठवड्यात लाहतीत खोली शोधली. एजंटाला दिलेली फी गेली ती गेलीच.

दुसरी थाप पीटर्सबर्गची. एजंटाच्या चकचकीत पुस्तिकेत "वीकएंडला ट्रेनने सेंट पीटर्सबर्ग" असं छापलंय. हेलसिंकीहून तिकडे जाणारी अॅलेग्रो गाडी 2022 च्या मार्चमध्येच बंद पडली आणि 2023 च्या अखेरीला फिनलंडने रशियाच्या सीमेवरची, जमिनीवरून प्रवाशांनी ये-जा करायची सगळी ठाणी बंद केली. लाप्पेनरांताचं नुइयामाचं ठाणंही त्यात आलं. रशियन गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या या गावाला त्याचा फटका बसला. हातातोंडाची गाठ पडेल अशी पार्टटाइम नोकरी इथे सहज मिळेल असं धरून कर्ज काढू नका. फिनिश येत नसेल तर नोकरी जवळजवळ मिळतच नाही. कायद्याने आठवड्याला सरासरी 30 तास काम करता येतं, पण ते तास देणारा भेटायला हवा.

लाप्पेनरांतातला किल्ला, गोठलेलं सायमा सरोवर, गावची खासियत असलेला 'वेती' (मांसाच्या तळलेल्या पॅटिसात अंडं आणि हॅम) हे सगळं चांगलंच होतं. शाकाहारी असाल तर वेतीच्या वाटेला जाऊ नका.

लाहती मला दहापट आवडलं. हेलसिंकीहून गाडीने तासभर, रस्ते नीट, कॅम्पस स्टेशनपासून तीनेक किलोमीटरवर, पूर्वीच्या फर्निचर कारखान्याच्या जागेत. आत शिरलात की खेळता उजेड आणि मोकळी जागा. कॅन्टीनमध्ये विद्यार्थ्यांना सरकारी अनुदानामुळे तीनेक युरोत पोटभर जेवण मिळतं: बटाटे, कोशिंबीर, ब्रेड, रोज एक शाकाहारी पदार्थ. मिळमिळीत असतं, घरून लोणचं द्या. पाहुण्यांना हेच जेवण बरंच महाग पडतं. डिझाइन शिकणाऱ्यांनी तर डोळे मिटून लाहतीच धरावं, तिथल्या मुओतोइलुइन्स्तितूत्तीचं, म्हणजे डिझाइन इन्स्टिट्यूटचं, फिनलंडमध्ये नाव आहे.

पैशांबद्दल सरळ सांगतो. युरोपबाहेरच्या मुलांना 2017 पासून फी लागते आणि 2025 पासून नुसता अर्ज करायलाही 100 युरो लागतात. निवास परवान्यासाठी महिन्याला 800 युरोंच्या हिशेबाने पैसे खात्यात दाखवावे लागतात. आरोग्यसेवेची फी दर सत्राला केला या सरकारी संस्थेकडे भरायची असते आणि त्याचं बिल घरी येत नाही. शरदाच्या सत्राला 30 सप्टेंबर, वसंताच्या सत्राला 31 जानेवारी ही मुदत असते. आम्ही गेलो तेव्हा भाचीच्या वर्गातल्या निम्म्यांना हे ठाऊकच नव्हतं. आणि पीएचडीचं स्वप्न दाखवणारा एजंट भेटला तर उठून या. लॅबसारख्या अप्लाइड सायन्सेसच्या संस्था पीएचडी देत नाहीत, आणि इथल्या मास्टर्सला पदवीनंतर दोन वर्षं कामाचा अनुभव मागतात.

उतरल्यावर विमानतळावरून हेलसिंकीच्या मुख्य स्टेशनला जाऊ नका. लोकल गाडीने दहा मिनिटांच्या आत टिक्कुरिला येतं, लाहती आणि लाप्पेनरांताच्या लांबच्या गाड्या तिथेच थांबतात. तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं. पण विमान उशिरा आलं तर ते वाया जातं, म्हणून मध्ये तीन तासांची फट ठेवा. आणि गाडी दिवसाउजेडी पोचेल अशीच निवडा, भले विमानतळावर एक रात्र काढावी लागली तरी चालेल.