तीच टेप, तेच ओठ

प्रबंधासाठी ओठांचे ठसे आणि डोक्याची मापं यांवरून माणूस ओळखणं हा विषय घेतला तो सोपा वाटला म्हणून. सुई नाही, रक्त नाही, लोक हसतखेळत तयार होतील. तेवढं खरं निघालं, पण हसण्यानंच घात केला. ओठ ताणले की रेघांची ठेवणच बदलते.

पहिला आठवडा नुसते ठसे बिघडवण्यात गेला. लिपस्टिक जाड झाली की रेघा बुजायच्या, पातळ झाली की ठसा अर्धाच उठायचा. शेवटी हात बसला: ओठ पुसायचे, गडद लिपस्टिक पातळ लावायची, दोन मिनिटं थांबायचं, मग सेलोटेप मध्यापासून कडांकडे दाबत न्यायची आणि अलगद उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवायची.

डोक्याचं काम त्यामानानं रूक्ष. भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून मागच्या टोकापर्यंत लांबी, कानांच्या वर सर्वांत रुंद जागी रुंदी. रुंदीला लांबीनं भागून शंभरानं गुणलं की शिरांक. सराव म्हणून मैत्रिणीनं माझंच डोकं मोजलं: लांबी १८.५ सेंटिमीटर, रुंदी १५.१. शिरांक ८१.६, म्हणजे रुंद डोकं. कॅलिपरची, म्हणजे मोजायच्या चिमट्याची, टोकं केसांवरच टेकली होती. केस बाजूला सारून मोजलं तर रुंदी १४.८, शिरांक ८०, मध्यम डोकं! तीन मिलिमीटरांत माझा गट बदलला. आणि गट बरोबर आला तरी त्यात असंख्य लोक बसतात; त्यातली मी कोणती, हे शिरांक सांगत नाही.

ओठांच्या बाबतीत तरी ते जमेल अशी आशा होती. सुझुकी आणि त्सुचिहाशी या जपानी संशोधकांची १९७० ची वर्गवारी वापरली: उभ्या रेघा, अर्ध्या उभ्या, फाटे फुटलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, जाळीदार, आणि कशातच न बसणाऱ्या. ओठांचे चार भाग करून भिंगाखाली वाचायचं. महिन्यानं सरांनी तेच ठसे, आधीची नोंद झाकून, पुन्हा वाचायला लावले. माझ्याच खालच्या ओठाच्या डाव्या भागाला मी आधी ‘फाटे’ लिहिलं होतं, आता ‘छेद’ लिहिलं.

सर म्हणाले, "कोर्टात यातलं कुठलं सांगणार?"

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला एक खटला त्यांनीच वाचायला दिला होता. चिकटपट्टीवरचा ओठांचा ठसा पुराव्यात धरला गेला, १९९९ साली अपिलातही टिकला, आणि पुढे वादात सापडला.

तक्त्यात त्या भागासमोर मी दोन्ही प्रकार लिहिले. पेन्सिलनं.