बाई, तुमची अमेरिका आता काय म्हणते?

बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. जुने विद्यार्थी बाजारात, लग्नकार्यात भेटतात आणि अमेरिकेची काही बातमी आलेली असली की हमखास विचारतात, "बाई, तुमची अमेरिका आता काय म्हणते?" 'तुमची' अशासाठी, की ४ जुलै १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे आणि वर्गाकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत बेड्या घातलेली आपली माणसं लष्करी विमानातून अमृतसरला उतरली, पुढे ऑगस्टमध्ये आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलं. तेव्हापासून प्रश्न अधिक टोकदार झालाय. ते वाक्य खोटंच होतं का, बाई?

रस्त्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

१९७२ च्या दुष्काळात मी तिसरीत होते. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या, आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवून कशीबशी जुळवायची. त्या भाकरीवर आमचं घर तगलं, हे मी विसरलेले नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९७१ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धात आपल्याला धाक दाखवायला त्याच देशानं 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली होती. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी लष्कर माणसं कापत होतं आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन व त्यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांना सांभाळून घेत होते.

त्याच काळात ढाक्यात आर्चर ब्लड नावाचे अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते. ६ एप्रिल १९७१ रोजी त्यांच्या कचेरीतून वॉशिंग्टनला एक तार गेली. वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारला लिहून कळवलं होतं, की लोकशाही चिरडली जाताना तुम्ही गप्प बसलात, ही नैतिक दिवाळखोरी आहे. ब्लडना ढाक्यातून हलवलं गेलं, त्यांची पुढची बढतीची वाट अडली. वर्गात मी नौकेबद्दल सांगायचे तेव्हा या तारेबद्दलही सांगायचेच. एंटरप्राइझ पाठवणारं सरकार आणि तार लिहिणारी माणसं एकाच देशाची. मुलांनी दोघांनाही ओळखावं, असं मला वाटायचं.

सरकार आणि माणसं यांतला हा फरक मला जोतीरावांनी शिकवला. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. आपले शूद्र बांधव ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवताना आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी त्यांची आशा होती. अर्पण लोकांना आहे, कुठल्या राष्ट्राध्यक्षाला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात गोऱ्यांच्या टोळीनं कितीतरी कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या दोषींच्या शिक्षा रद्द केल्या. तरीही मला ते अर्पण चुकलेलं वाटत नाही. ज्यांनी झीज सोसली त्यांच्या नावानंच ते लिहिलेलं आहे.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितल्याचं वाचून त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. मुंबईच्या या माणसाला अमेरिकेकडून काय हवं होतं, तर अमेरिकेविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा! हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

१९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनमध्ये लाखो लोकांपुढे सांगितलं, की देशाच्या संस्थापकांनी एक वचनचिठ्ठी लिहून दिली होती आणि आम्हाला मिळालेला धनादेश मात्र न वटता परत आला. मराठीत 'पत' हा शब्द उधारीलाही चालतो आणि इभ्रतीलाही. अमेरिकेची पत मी याच हिशेबानं बघते. इराकमध्ये २००३ साली ज्या शस्त्रांच्या नावानं युद्ध केलं ती सापडलीच नाहीत, तिथे ती घसरली. २०२५ च्या जुलैत परदेशांना मदत देणारी यूएसएड ही संस्था बंद झाली, तेव्हा माझ्यासारख्या मिलोवर वाढलेल्या बाईला ते आतून लागलं. आयातशुल्क आज चढतं, उद्या उतरतं. धान्याची वाट बघणाऱ्या पोराला तेवढी सवड नसते.

२०१८ मध्ये लेकीकडे गेले होते तेव्हा फिलाडेल्फियाला गेलो. जाहीरनाम्यावर ज्या इमारतीत सह्या झाल्या तिच्यापासून चालत दोन-तीन मिनिटांवर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या राहत्या घराची जागा आहे. तिथल्या दगडी भिंतीवर नऊ नावं कोरलेली आहेत. त्या घरातल्या गुलामांची. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर मोकळा होत असे, म्हणून वॉशिंग्टन मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणवत. नऊतलं एक नाव ओनी जज. १७९६ च्या मे महिन्यात घरात जेवणं चालू असताना ती बाहेर पडली आणि जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोहोचली. वॉशिंग्टननी तिच्यामागे माणसं लावली, ती परत आली नाही. १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती फरारी गुलामच होती.

म्हातारपणी तिला कुणीतरी विचारलं होतं, त्या घरातून निघाल्यावर तुला जास्तच कष्ट उपसावे लागले, पस्तावा होत नाही का? ती म्हणाली, नाही, मी स्वतंत्र आहे.

लेकीनं भिंतीवरचं तिचं नाव मला वाचून दाखवलं. चष्मा पर्समध्ये राहिला होता, म्हणून मी त्या अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं.