आमची वाटचाल : आधी एच दाबून बघा

गिरगावात दोन खोल्यांत डीटीपी सुरू केलं तेव्हा भांडवल म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि टायपिंगमध्ये वाघ असलेला माझा मेव्हणा. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं. बरी चालली ती वर्षं, त्यांचं काय लिहायचं?

एक दिवस परळचे सर पांढरी काठी टेकत आमचा जिना चढून आले. निवृत्त शिक्षक, दृष्टी पूर्ण गेलेली. त्यांच्या संस्थेचा अहवाल आम्हीच केला होता, पीडीएफ त्यांना ईमेलनं गेली होती. लॅपटॉप उघडून एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, सुरू केलं आणि म्हणाले, "ऐक, तू काय छापलंयस ते." 'शिक्षण' या शब्दावर येऊन त्यांनी एकेक अक्षर वाचायला लावलं. एफ, अपॉस्ट्रॉफी, के, महिरपी कंस, के, टिंब, के. फॉन्ट कृतीदेव. डोळ्यांना मराठी दिसत होतं, आत नुसती रोमन अक्षरं. मेव्हणा हसला, मी नाही हसलो. बिल तर घेतलं होतं ना आम्ही.

युनिकोडवर, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं ठेवणाऱ्या पद्धतीवर आलो आणि वाटलं, सुटलो. सर पुन्हा आले. या वेळी एच दाबलं. एनव्हीडीएत एच म्हणजे पुढच्या मथळ्यावर उडी. ते म्हणालं, मथळा नाही. चाळीस पानांत एकही नाही! आम्ही मथळे बोल्ड करून, साइज अठरा करून केले होते. 'हेडिंग १'ची स्टाइल कोण लावतो? वर फाइल 'प्रिंट'मधून पीडीएफ केलेली. त्या वाटेनं वर्डमधली रचना उतरतच नाही. 'सेव्ह ॲज'मधून जायचं आणि ऑप्शन्समध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या टॅग्जची, म्हणजे 'हा मथळा, हे टेबल' असं एनव्हीडीएला सांगणाऱ्या आतल्या खुणांची, टिक आहे ना ते बघायचं. लिब्रे ऑफिसवाल्यांनी एक्स्पोर्टमध्ये 'टॅग्ड पीडीएफ' निवडायचं. टॅग्ड पीडीएफ २००१पासून आहे, ॲक्रोबॅट ५च्या काळापासून. आम्हाला पत्ताच नव्हता.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. टॅग्जचं झाड उघडून एकेक फांदी तपासायची, मधल्या चौकटीतला मजकूर भलतीकडे वाचला जात नाही ना, पानाच्या डोक्यावरचं संस्थेचं नाव दर पानाला ऐकावं लागत नाही ना. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आल्यावर चौकशा वाढल्या. एका मोठ्या संस्थेचं वर्षभराचं काम मिळालं. चार मुलं ठेवली, आणखी एक खोली भाड्यानं घेतली.

आणि मग तो आला. नाव लिहीत नाही, लाइनमधल्यांना कळेल. त्याचा दर आमच्या निम्म्याहून कमी. पद्धत काय, तर आपोआप टॅग्ज लावणारं ऑटो-टॅगचं बटण दाबायचं, पीडीएफ तपासणाऱ्या पॅक या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल काढायची, हिरवी खूण आली की पाठवून द्यायची. संस्थेचे साहेब मला म्हणाले, "त्यांचंही हिरवं, तुमचंही हिरवं. मग तुम्हाला दुप्पट कशाला?"

काय सांगणार? त्याच्या फाइलमध्ये चित्राचं वर्णन 'इमेज १' असं होतं. मशीनला वर्णन आहे एवढंच कळतं. ताळेबंद टॅब मारून रचलेला, म्हणजे टेबल नाहीच, सगळे परिच्छेद. रक्कम कुठल्या वर्षाची हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. पीडीएफ/यूए हे सगळ्यांना वाचता येईल अशा पीडीएफचं मानक. ते तपासायच्या मॅटरहॉर्न प्रोटोकॉल या यादीत चुकांचे १३६ प्रकार आहेत आणि त्यातले ४७ सहसा माणसानंच बघायचे, हे त्यातच लिहिलंय. साहेबांना मी ते प्रिंट काढून दिलं. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

काम गेलं. तीन मुलं गेली, जास्तीची खोली सोडली, ए-थ्री प्रिंटर विकला. मेव्हणा म्हणाला, आपणही बटण दाबू या. त्यावरून आमच्यात सहा महिने बोलणं बंद होतं. घरच्या गणपतीतही तो आला नाही. खोटं कशाला बोलू, एकदा मीही दाबलं होतं. सरांना ऐकवलं. त्यांनी इअरफोन काढून टेबलावर ठेवला, एवढंच.

त्या काळात सरच होते. कुठल्या कुठल्या संस्थांतून कामं आणायचे, लोकलनं स्वतः यायचे, तपासायचे एका चहावर. पैसे दिले तर रागवायचे.

आता ताज्या मुलांना सांगतो, विचारलं नाही तरी. जागा सोडायला एंटर मारत बसू नका. टेबलाची पहिली ओळ वर्डमध्येच 'रिपीट हेडर रोज' करा. भाषा मराठी लावा, नाहीतर वाचणारा आवाज भलत्याच भाषेच्या थाटात वाचेल. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटली तर फाइल पाठवू नका. आणि वर्डची मूळ फाइल मागा. पीडीएफ घेऊन दुरुस्त करायला बसलात तर तिप्पट वेळ जाईल, पैसे एकपट मिळतील.

मागच्या मार्चमध्ये त्याच संस्थेतून फोन आला, साहेब नवे आहेत. जुने सात अहवाल पुन्हा करून हवेत, कुणीतरी लेखी तक्रार केली म्हणे. तक्रार कुणाची, मी विचारलं नाही. दर मात्र जुनाच सांगितला, दुप्पटवाला. मेव्हणा आता पुन्हा टॅग्ज बघायला बसलाय.