पाच कड्यांमधले नऊ मिलिमीटर

भार उचलणाऱ्या यंत्रांची आणि साधनांची कायद्याने ठरवलेली तपासणी करण्यासाठी राज्य शासनाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून मान्यता घ्यावी लागते. त्या मान्यतेवर मी हे काम करतो. कारखाने अधिनियम, १९४८ लागू असतानाची ही गोष्ट आहे. भोसरीतील एका प्रेसशॉपने दहा टनी ओव्हरहेड क्रेनच्या वार्षिक तपासणीसाठी मला बोलावले होते.

क्रेन उत्तम निगराणीतली होती. ब्रेक, वायररोप, लिमिट स्विच आणि हूक यांत नोंद घेण्याजोगा दोष सापडला नाही. मग मी साखळ्या, बेल्ट, शॅकल आणि आयबोल्ट मांडून ठेवायला सांगितले, तेव्हा उत्पादन व्यवस्थापकांना आश्चर्य वाटले. तपासणी क्रेनची आहे, साखळ्यांची नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज होता आणि तो मला अनेक कारखान्यांत आढळतो. अधिनियमाच्या कलम २९ मध्ये मात्र क्रेन आणि साखळी एकाच वाक्यात येत होत्या. दोन्हींची किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी झाली पाहिजे, दोन्हींवर सुरक्षित कार्यभार आणि ओळखखूण स्पष्ट दिसली पाहिजे आणि त्यांची नोंदवहीत नोंद असली पाहिजे, असे ते कलम सांगत होते.

नोंदवही आली. तीत ‘चेन स्लिंग – ८ नग, समाधानकारक’ एवढीच ओळ होती आणि तिच्याखाली गेल्या वर्षीची सही. ती सही कोणत्या आठ साखळ्यांसाठी होती, हे कोणालाच सांगता आले नसते. मांडलेल्या ढिगात साखळ्या अकरा भरल्या आणि त्यांपैकी तीन साखळ्यांवर काहीच खूण नव्हती. ओळखखूण नसलेल्या साखळीचा इतिहास कळत नाही, म्हणून ती दिसायला कितीही चांगली असली तरी मी प्रमाणपत्रात घेत नाही; त्या तीन तिथेच बाजूला काढल्या.

डाय (प्रेसमध्ये बसवायचा जड साचा) उचलण्यासाठी रोज वापरली जाणारी साखळी दोन लेगची, म्हणजे वरच्या एकाच कडीतून खाली येणाऱ्या दोन शाखांची, १० मिलिमीटर जाडीची, ग्रेड ८० या उच्च ताकदीच्या पोलादाची होती. टॅग शाबूत होता: लेगमधला कोन ९० अंशांपर्यंत असेल तर ४.२५ टन. नेहमीची डाय चार टनांची असल्यामुळे मुकादमांच्या हिशेबाने सारे नियमात बसत होते. मी कड्या पुसून घेतल्या आणि सलग पाच कड्या व्हर्नियरने मोजल्या. या मापाच्या साखळीत ते अंतर १५० मिलिमीटर असायला हवे. उजव्या लेगमध्ये ते १५१ भरले, तर डाव्या लेगमध्ये १५९. पाच टक्क्यांहून अधिक लांबली, की साखळी बाद. शिवाय डाव्या लेगच्या कड्या बाजूंनी आत आल्या होत्या आणि एकमेकींत मोकळ्या फिरत नव्हत्या, म्हणजे ही नुसती झीज नव्हती.

मला खटकले ते एकाच लेगचे लांबणे. मी मुकादमांना एक डाय उचलून दाखवायला सांगितले, अर्थात दुसऱ्या, धडधाकट साखळीने आणि हलकी डाय. प्रेसवर उंची कमी पडते म्हणून ते आखूड साखळी लावत होते आणि लेग जवळजवळ १२० अंशांपर्यंत फाकत होते. त्या कोनात प्रत्येक लेगवर डायचे पूर्ण वजन येते, म्हणजे चार टन, आणि १० मिलिमीटरच्या एका लेगची क्षमता ३.१५ टन आहे. हे गंभीर होतेच. पण ग्रेड ८० ची साखळी तिच्या कार्यभाराच्या चौपट भाराला तुटते, त्यामुळे एवढ्या जादा भाराने ती ताणली जाणार नाही, आणि ताणली गेलीच असती तर दोन्ही लेग ताणले गेले असते. प्रश्न तसाच राहिला.

मी मुकादमांना बाजूला घेऊन विचारले, “दादा, ही साखळी आणखी कशाला लावता?” ते थोडे थांबून म्हणाले, “साहेब, डाय प्रेसमध्ये अडकली की एकच लेग तिला अडकवतो आणि क्रेनने तिरकी ओढून काढतो.” अडकलेली डाय हलत नाही, तोवर साखळीवर तिचे वजन नव्हे, क्रेनचा सगळा जोर येतो, आणि दहा टनी क्रेनपुढे ३.१५ टनांच्या लेगची काय कथा! त्यांनी हे खरे सांगितले, म्हणून मूळ कारण सापडले. नुसत्या मोजमापाने मी साखळी बाद केली असती, पण नवी साखळीही त्याच वाटेने गेली असती. तपासणी करणाऱ्याने कामगारांशी बोललेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

व्यवस्थापकांनी संध्याकाळच्या पाळीपुरती तीच साखळी चालू ठेवण्याची विनंती केली. मी नकार दिला आणि माझ्यासमोर गॅस कटरने तिचे तुकडे करायला लावले, कारण भंगाराच्या पेटीतली अखंड साखळी घाईच्या वेळी पुन्हा बाहेर येते. क्रेनचे प्रमाणपत्र दिले, उरलेल्या साधनांपैकी जी उत्तीर्ण झाली त्यांची क्रमांकानिशी वेगवेगळी नोंद केली आणि बाद झालेली कारणासह लिहिली. कमी उंचीसाठी लिफ्टिंग बीम (भार उचलण्याची आडवी तुळई), अडकलेल्या डायसाठी हायड्रॉलिक जॅक आणि क्रेनजवळ कोनानुसार कार्यभाराचा मराठी-हिंदी तक्ता, या तीन गोष्टी अहवालात लेखी मागितल्या. बीम येईपर्यंत ती चार टनी डाय हलवायची नाही, असे व्यवस्थापकांनी अहवालावर सही करून मान्य केले.